हरवलेल्या रोजनिशीचा शोध : रहस्यकादंबरीत थरार नेमका कशाचा असावा?

अक्षरवाट

हरवलेल्या ऐतिहासिक रोजनिशीच्या शोधावर बेतलेल्या रहस्यकादंबऱ्या मी मिळेल त्या वाचते. मराठी, इंग्रजी, अनुवादित, सगळ्या. आणि बहुतेक वेळा शेवटच्या पन्नास पानांत हिरमोड होतो. सांगाडा ठरलेला असतो. मरणाच्या दारातला प्राध्यापक, अर्धा नकाशा, देवळातला सरकणारा दगड, मागावर असलेली टोळी, आणि शेवटी सापडलेल्या डायरीत एकच वाक्य, ज्यामुळे म्हणे सगळा इतिहास उलटापालटा होतो. त्या डायरीचा कागद कसा होता, ती इतकी वर्षं कोणी सांभाळली, का सांभाळली, कोणापासून लपवली, याच्याशी लेखकाला काही देणंघेणं नसतं.

माझं म्हणणं असं की या प्रकारच्या कादंबरीचा खरा थरार ती वही कोणाकोणाच्या हातांतून गेली यातच असतो. उदाहरणादाखल आल्फ्रेड रोझेनबर्गच्या डायरीचा प्रवास सांगते.

रोझेनबर्ग हा नाझी पक्षाचा तत्त्वज्ञ म्हणून मिरवणारा माणूस. ज्यूद्वेषाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देणारा, व्याप्त युरोपातली चित्रं आणि ग्रंथ लुटणाऱ्या यंत्रणेचा प्रमुख, १९४१ पासून पूर्वेकडच्या व्याप्त प्रदेशांचा मंत्री. १९३४ ते १९४४ या काळात तो अधूनमधून डायरी लिहीत होता. युद्ध संपता संपता त्याच्या कचेरीची कागदपत्रं बव्हेरियातल्या बान्त्सच्या गढीत भिंतीआड दडवलेली सापडली. न्युरेंबर्गच्या खटल्यात तो दोषी ठरला आणि १६ ऑक्टोबर १९४६ ला फासावर गेला. डायरीचा काही भाग सरकारी दप्तरात राहिला, १९५६ मध्ये जर्मनीत छापूनही आला. बाकीची शेकडो सुटी पानं गायब झाली.

ती होती रॉबर्ट केम्पनर यांच्याकडे. केम्पनर हे त्याच खटल्यातले अमेरिकेच्या बाजूचे एक वकील. स्वतः जर्मन ज्यू. प्रशियाच्या गृहखात्यात अधिकारी होते, नाझी सत्तेवर आल्यावर नोकरी गेली आणि देशही सोडावा लागला. लिखाण आणि अभ्यासासाठी, गोपनीय नसलेले कागद जवळ ठेवण्याची परवानगी त्यांनी काढली आणि फिलाडेल्फियाजवळच्या लॅन्सडाउन गावातल्या आपल्या घरी खोकीच्या खोकी पाठवली. १९९३ मध्ये ते वारले. वारसांनी कागद वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृतिसंग्रहालयाला द्यायचं कबूल केलं. तिथले मुख्य अभिलेखपाल हेन्री मेयर ते ताब्यात घ्यायला गेले, तोवर बरेच कागद घरातून हललेले होते. जुन्या सचिव, एक माजी प्राध्यापक, घर रिकामं करणारा ठेकेदार अशी माणसं या गोष्टीत येतात. मेयर यांनी पाठपुरावा सोडला नाही. पुढे एफबीआयमधून निवृत्त झालेले, चोरीच्या कलावस्तू शोधून काढण्यासाठी नावाजलेले रॉबर्ट विटमन त्यांच्या मदतीला आले. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ४२५ पानं हाती लागली.

या गोष्टीत खलनायक कोण? ज्या माणसाला नाझींनी देशोधडीला लावलं, त्याच्याच घरात नाझी मंत्र्याची डायरी जवळजवळ अर्धं शतक पडून होती. त्यांनी ती का दिली नाही? यावर मला एक संपूर्ण कादंबरी वाचायला आवडेल.

आणि कळस पुढेच आहे. २ एप्रिल १९४१ ला, रशियावरच्या हल्ल्याच्या अडीच-तीन महिने आधी, रोझेनबर्ग हिटलरला भेटला. त्या दिवसाच्या नोंदीत तो लिहितो की आज जे ऐकलं ते इथे लिहिणार नाही, पण कधी विसरणारही नाही. एवढ्या लोकांनी इतकी वर्षं ज्या पानासाठी जीव टाकला, त्या पानावर लिहिणाऱ्यानं ऐन मोक्याच्या ठिकाणी लेखणी खाली ठेवलेली आहे!

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याकडच्या कोणत्या रोजनिशीवर अशी कादंबरी होऊ शकेल?

दप्तरदार

फार चांगला विषय. रोझेनबर्गच्या जोडीला १९८३ चं 'हिटलरच्या डायऱ्यां'चं प्रकरण ठेवलं पाहिजे, कारण शोधकथेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे बनावटगिरी.

'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाचा पत्रकार गेर्ड हायडेमान याला काळ्या पुठ्ठ्याच्या साठेक वह्या मिळाल्या. कथा अशी रचलेली की एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनमधून हिटलरचं सामान घेऊन निघालेलं एक विमान ड्रेस्डेनजवळ ब्योर्नर्सडोर्फला कोसळलं आणि डायऱ्या त्यातून वाचल्या. विमान कोसळलं होतं हे खरंच. हिटलरच्या वैमानिकाच्या आठवणींत त्याचा उल्लेख आहे, आणि ती बातमी ऐकून हिटलर हादरला असंही त्यात म्हटलंय. खऱ्या घटनेतल्या एका रिकाम्या जागेत खोटी वस्तू अगदी नेमकी बसवली होती. 'श्टेर्न'नं जवळजवळ ९३ लाख मार्क मोजले. २५ एप्रिल १९८३ ला हॅम्बुर्गला पत्रकार परिषद झाली आणि ६ मे ला जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारानं वह्या खोट्या असल्याचं जाहीर केलं. कागदात शुभ्रता आणणारं रसायन निघालं, जे युद्धानंतर वापरात आलं. बांधणीच्या दोऱ्यात कृत्रिम धागा निघाला. वह्या लिहिणारा कोनराड कुयाउ हा श्टुटगार्टकडचा सराईत बनावटगार. दोघांनाही १९८५ मध्ये साडेचार वर्षांच्या आसपास शिक्षा झाली.

रहस्यकथेसाठी यातला सर्वांत मोलाचा धागा वेगळाच. हस्ताक्षरतज्ज्ञांनी आधी अक्षर जुळतं असा निर्वाळा दिला होता. तो चुकला, कारण तुलनेसाठी त्यांच्यापुढे ठेवलेल्या 'अस्सल' नमुन्यांतही कुयाउनंच लिहिलेले कागद होते. ज्या कसोटीवर घासायचं ती कसोटीच खोटी. मराठी रहस्यकथेत असा डाव मी अजून वाचलेला नाही.

सह्यकडा

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही.

रहस्यकादंबरीला वेग लागतो, धोका लागतो. अभिलेखागारात बसून एकामागून एक कागद उलटणारा नायक तीनशे पानं कोण वाचेल? हेन्री मेयर यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्यांच्या कामाचा मोठा भाग पत्रव्यवहार आणि फोन असणार. आणि "शेवटी डायरीत ते लिहिलेलंच नव्हतं" हा शेवट मला तरी फसवणूक वाटेल. वाचकाला कोडं घातलं की उत्तर देणं हे लेखकावरचं ऋण आहे. देवळातला दगड सरकला तर सरकू दे, पण त्यामागे काहीतरी निघालं पाहिजे.

अक्षरवाट

सह्यकडा, धोका हवाच, यात दुमत नाही. तो कुठून येतो यावर माझं म्हणणं आहे. तलवार घेऊन मागे लागणाऱ्या टोळीपेक्षा घरातल्या माणसाची भीती जास्त भयंकर असते. लंडनला १७ मे १८२४ ला बायरनच्या आठवणींचं हस्तलिखित प्रकाशक जॉन मरे यांच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या कचेरीत शेकोटीत घातलं गेलं. जाळणारे कोण? बायरनचे मित्र, प्रकाशक, आणि बायको व बहिणीच्या वतीनं आलेले लोक. बायरन जाऊन महिनाही झाला नव्हता. त्या खोलीत सगळे सभ्य होते, काही जण त्याच्यावर जीव टाकणारे होते, आणि एकानं विरोधही केला. त्या दुपारची बाचाबाची कोणी नीट लिहिली तर तुम्ही पुस्तक खाली ठेवणार नाही.

आपल्याकडेही तेच. जुने कागद बाहेर काढले तर वतनावर गदा येईल, भाऊबंदकीत कोणी तरी ते पुढे करेल, पणजोबांची अब्रू जाईल, ही भीती इतिहाससंशोधकांना गावोगाव भेटली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या चिकाटीचं कौतुक आपण करतो ते याच भिंती त्यांनी ओलांडल्या म्हणून.

कावेरीकाठ

मी तंजावूरकडची मराठी. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: पाँडिचेरीचे आनंदरंग पिल्लै.

पिल्लै हे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे दुभाषी. गव्हर्नर दुप्लेच्या काळात ते मुख्य दुभाषी झाले. सप्टेंबर १७३६ पासून त्यांनी तमिळमध्ये रोजनिशी लिहिली ती थेट १७६१ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं. बाजारभाव, जहाजं, गव्हर्नरचा राग, त्याच्या बायकोचे उद्योग, जातींमधले तंटे, लाचलुचपत, शकुन-अपशकुन, सगळं त्यात आहे. इतक्या जवळून, भारतीय डोळ्यांनी पाहिलेला फ्रेंच दरबार दुसरीकडे मिळत नाही.

पिल्लै गेल्यावर ही रोजनिशी पाऊणशे वर्षांहून जास्त काळ त्यांच्या वंशजांच्या घरी पडून होती. १८४६ मध्ये गाल्वा-मोंब्रँ नावाच्या फ्रेंच माणसाच्या नजरेस ती पडली. त्यानंतर एदुआर आरियेल यानंही नकला केल्या आणि त्या पॅरिसला गेल्या. मद्रास सरकारनं पुढे इंग्रजी भाषांतर करवलं, १९०४ ते १९२८ या काळात बारा खंडांत. मात्र मधले काही भाग सापडलेले नाहीत. कुठे महिने नाहीत, कुठे त्याहून मोठी खिंडारं आहेत.

आणि मराठ्यांशी संबंध ओढूनताणून आणावा लागत नाही. रघूजी भोसले १७४० मध्ये कर्नाटकात, म्हणजे तेव्हाच्या अर्काटच्या नवाबाच्या मुलखात, उतरले, दमलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्तअली मारला गेला. नवाबाच्या आणि त्याचा जावई चंदासाहेब याच्या कुटुंबांनी पाँडिचेरीत आसरा घेतला आणि फ्रेंच गव्हर्नर द्यूमा याच्याकडे मराठ्यांचे तगादे सुरू झाले. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली, चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला आणि तिथे काही वर्षं राहिला. त्या काळात सातारा आणि पाँडिचेरी यांच्यात किती निरोप, किती हुंड्या, किती वकील फिरले असतील!

पिल्लैंचा वाडा आजही पाँडिचेरीच्या बाजाराजवळ उभा आहे. खाली भारतीय पद्धतीचे लाकडी खांब आणि वर फ्रेंच धाटणीचे खांब.

निशिगंध

कावेरीकाठ, तुमचा प्रतिसाद मी परत परत वाचला. कारण सांगते. मी अशाच एका कादंबरीवर काम करतेय आणि तिची जागा मला सापडत नव्हती. आता सापडली असं वाटतंय.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. आणि इंग्रज पाँडिचेरीत शिरले ते १६ जानेवारी १७६१ ला. दोनच दिवसांचं अंतर! उत्तरेत मराठे कोसळले आणि दक्षिणेत फ्रेंच, एकाच आठवड्यात, आणि दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची बातमी कळायला कितीतरी दिवस लागले असणार. वेढ्यात अडकलेल्या शहरात मराठ्यांचा एखादा कारकून असेल, तोही मोडीत रोजचं टिपण ठेवत असेल, आणि शहर पडताना ती वही दुभाष्याच्या घरात ठेवून गेला असेल, अशी माझी कल्पना. कारकून पूर्ण काल्पनिक. आजच्या काळात एक तरुण मुलगी ती वही शोधते.

प्रश्न असा: वही सापडल्यावर ती खरी की खोटी हे कादंबरीत कशावरून ठरवावं? प्रयोगशाळेत कागद पाठवला आणि अहवाल आला, असं मला नकोय.

मोडीवाचक

निशिगंध, प्रयोगशाळेची गरज पडणार नाही. जुन्या मराठी कागदाची परीक्षा त्याच्या तारखेतच असते, आणि बनावटगार तिथेच सापडतो.

पेशवाईतल्या पत्रात तारीख आपल्यासारखी नसते. शालिवाहन शक असतो, संवत्सराचं नाव असतं, तिथी-वार असतो. शिवाय 'छ' लिहून मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याचा दिवस, असतो आणि शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी सौर वर्षगणना, अरबी अंकशब्दांत असतो. पानिपतचं वर्ष शके १६८२, विक्रमनाम संवत्सर. शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, बदलतो, शक चैत्रात बदलतो, आणि मुसलमानी महिने तर सौरवर्षाला धरून चालतच नाहीत. ही तीन-चार चाकं एकाच वेळी बरोबर फिरवणं, तेही वारासकट, फार अवघड. छापील जंत्रीवरून काम करणारा माणूस एक चाक विसरतोच. चैत्र ते मृग या दोन-अडीच महिन्यांत शक बदललेला असतो पण शुहूर सन जुनाच चालू असतो, तिथे अजाण माणूस हमखास घसरतो. तुमच्या वहीतली एखादी नोंद वैशाखातली ठेवा.

शिवकाळातला बनावट कागद असेल तर आणखी सोपं: राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ पासून, म्हणजे जून १६७४ पासून सुरू. त्याआधीच्या कागदावर तो दिसला की कागद बाजूला ठेवायचा.

कावेरीकाठ यांच्या मुद्द्यातही एक सुंदर सोय आहे. साठ संवत्सरांचं चक्र महाराष्ट्रात आणि तमिळ प्रदेशात एकच चालतं. पिल्लैंच्या नोंदींना तमिळ वर्षाचं नाव असतं. म्हणजे पानिपतहून निघालेलं मराठी पत्र आणि पाँडिचेरीतली तमिळ नोंद, दोन्हीकडे विक्रम संवत्सरच. फक्त तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्यात मेष संक्रांतीला सुरू होतं आणि आपलं पाडव्याला. या दोन तारखांमधल्या दिवसांत एकाच दिवशी दोघांचं संवत्सर वेगळं. तमिळ प्रदेशात राहणारा मराठी कारकून त्या दिवसांत कोणतं नाव लिहील? त्याच्या सवयीचं लिहील. बनावटगार मात्र हिशेबाचं लिहील. तुमच्या नायिकेला इथे पकड मिळू शकते.

बाकी थोडं साहित्याबद्दल. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, घोटलेला. पाँडिचेरीत मात्र युरोपी कागद सहज मिळत असणार, त्यावर जलचिन्ह असतं, ते उजेडासमोर धरून बघता येतं. शाई काजळीची, डिंक घातलेली. ती काळीच राहते, युरोपी लोखंडी शाईसारखी तपकिरी पडत नाही. लेखणी बोरूची. दप्तरं कापडात बांधलेली असतात, त्याला रुमाल म्हणतात. आणि मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. हात न उचलता लिहिणाऱ्याचा झपाटा नकलाकाराला साधत नाही. तो मध्ये थबकतो आणि थबकला की शाईचा ठिपका जाड होतो.

सह्यकडा

मोडीवाचक, हा प्रतिसाद वाचून माझं अर्धं मत बदललं. संवत्सराचा तो डाव खरोखर थरारक आहे आणि त्यात देवळातला दगड नाही.

पण शेवटाबद्दल मी ठाम आहे. उत्तर हवं.

उत्तरवारा

सह्यकडा, उत्तर न मिळताही वाचक तृप्त होतो असं एक खरं उदाहरण देतो. स्वीडनचा आंद्रे ११ जुलै १८९७ ला दोन साथीदारांसह स्वालबार्डहून फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. त्यांचं काय झालं ते तेहतीस वर्षं कोणाला कळलं नाही. ६ ऑगस्ट १९३० ला एका नॉर्वेजियन जहाजावरच्या लोकांना क्विटोया या बर्फाच्छादित बेटावर त्यांचा तळ सापडला. आंद्रेची डायरी मिळाली, आणि न धुतलेल्या फिल्मवरून फोटोही निघाले, तेहतीस वर्षं बर्फात राहिलेले! फुगा तिसऱ्याच दिवशी उतरला, मग अडीच महिन्यांहून जास्त काळ ते बर्फावर होते, हे सगळं कळलं. पण शेवटी ते नेमके कशानं मेले हे डायरीत नाही, आणि त्यावर आजही वाद आहे. अस्वलाच्या मांसातले जंतू, थंडी, आणखी बरंच काही सुचवलं गेलं.

तरी ती डायरी वाचणाऱ्याला फसल्यासारखं वाटत नाही. मरणाचं कारण कळलं नाही, पण माणसं कशी होती ते कळतं. बर्फ त्यांना मागे वाहून नेत असताना ते उत्साहानं पक्षी आणि बर्फाचे थर नोंदवत होते.

शुभांगी_वाई

सगळे परदेशात आणि पाँडिचेरीत रमलेत, म्हणून घरचं एक उदाहरण. ही रोजनिशी नाही, प्रवासवर्णन आहे, पण शोधकथेला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी सगळं मोडीत लिहून काढलं. वैद्यांनी ते लगेच छापलं नाही. १९०७ मध्ये, गोडसे हयात नसताना, 'माझा प्रवास' प्रसिद्ध झालं, तेही वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. इंग्रजी राज्य होतं, बंडाविषयी लिहिताना काळजी घ्यावी लागणार हे उघड आहे. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आलं आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये ते जसंच्या तसं छापलं.

म्हणजे जवळजवळ साठ वर्षं महाराष्ट्र एक पुस्तक वाचत होता आणि खरं पुस्तक कपाटात होतं. ते हरवलेलंही नव्हतं! निशिगंध, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचा. कुठलं वाक्य गाळलं, कुठलं मवाळ केलं, हे पाहताना संपादकाची भीती आणि सावधगिरी पानापानांत दिसते. तुमच्या नायिकेला मूळ वहीआधी तिची एक 'स्वच्छ केलेली' नक्कल मिळू द्या. मग शोध दुहेरी होईल: वही कुठे आहे, आणि नक्कल करणाऱ्यानं काय वगळलं.

दप्तरदार

शुभांगीताई, फार नेमकं. यावरून आठवलं, घरगुती टिपणानं किती मोठी उलथापालथ होते याचं उदाहरण म्हणजे जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांकडची ती नोंदवही लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्धीला आणली आणि शिवजन्माची तारीख फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी पुढे आली. त्याआधी १६२७ हे साल सर्वत्र धरलं जात होतं. आज शासन १९ फेब्रुवारीला जयंती साजरी करतं ती त्या ओळीवरून. ओळ किती छोटी! कोणताही आवेश नाही, फक्त तिथी, वार, नक्षत्र, ठिकाण. इतिहास उलटवणारं वाक्य असंच दिसतं.

निशिगंध, एक व्यावहारिक गोष्ट. तुमच्या कथेत वही विकत घ्यायला परदेशी गिऱ्हाईक येणार असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा नजरेखालून घाला. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं की ते पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. इतर वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखिताला कमी. धोका आणि वेग सह्यकडांना हवा आहे, तो इथून कायदेशीरपणे मिळेल.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. एका संध्याकाळीत कादंबरीचा कणा ताठ झाला.

सध्या असं ठरतंय: वंशजांकडे नागरीतली एक नक्कल आहे, शंभरेक वर्षांपूर्वी घरातल्याच एका आजोबांनी केलेली. तिच्यात वेढ्याचे शेवटचे दिवस नाहीत. मूळ मोडी वही सापडते, पण तीन ठिकाणी सापडते, तीन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा बनावट आहे. बनावट तुकड्यात नेमकं तेच लिहिलंय जे सगळ्यांना वाचायचं होतं. अस्सल तुकड्यात कारकून शेवटच्या दिवशी धान्याचा भाव आणि घरातल्या माणसांची नावं लिहून थांबतो.

सह्यकडा, हे चालेल का? आणि मोडीवाचक, त्या काळात पाँडिचेरीत मोडी लिहिणारा कारकून असणं पटेल का?

सह्यकडा

चालेल. बनावट तुकडा कोणी केला आणि का केला, हे कळलं की माझं उत्तर मला मिळालं. फक्त तो माणूस पहिल्या शंभर पानांत वाचकाला आवडलेला असला पाहिजे. केम्पनर यांच्यासारखा.

अक्षरवाट

सह्यकडा, हेच मला म्हणायचं होतं आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

निशिगंध, एक विनंती. बनावट करणाऱ्याला पैशासाठी करायला लावू नका. कुयाउनं पैशासाठी केलं आणि तो प्रकार तिथेच संपला. तुमच्या आजोबांनी नक्कल करताना शेवटचे दिवस वगळले असतील, आणि मग म्हातारपणी त्या वगळण्याचं ओझं सहन न होऊन त्यांनीच ते 'परत' लिहून ठेवले असतील, तर? त्यांच्या मते ते खरंच होतं. आठवणीतून लिहिलेलं, पण काजळीच्या शाईनं आणि जुन्या कागदावर. मग ती लबाडी म्हणायची की नक्कल, हा वाद नायिकेनं घरातच, आपल्या आईशी घालावा.

मोडीवाचक

पटेल, अगदी सहज. तंजावूरला मराठ्यांचं राज्य होतं, प्रतापसिंह गादीवर होते, आणि त्या दरबाराचं मोडी दप्तर आजही तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. कारैकाल फ्रेंचांना तंजावूरकडूनच मिळालं, म्हणजे दोन्ही दरबारांत कागदांची येजा होतीच. तुमचा कारकून साताऱ्याहून आणण्यापेक्षा तंजावूरचा करा. त्याच्या मराठीत तमिळ शब्द येतील, धान्याची मापं तिकडची येतील, सणवार दोन्हीकडचे येतील. आजोबा जर पुण्यात वाढलेले असतील तर त्यांनी 'परत' लिहिलेल्या पानांवर मापं पुण्याची उतरतील, पायली आणि शेर. तुमच्या नायिकेच्या आधी ते तिच्या आईच्या लक्षात येऊ द्या.

निशिगंध

पायली! हे प्रकरण आज रात्रीच लिहायला घेते. कावेरीकाठ, तिकडच्या धान्याच्या मापांची जुनी नावं तुम्हाला विचारायला व्यक्तिगत निरोप करते.

कावेरीकाठ

जरूर करा. मरक्काल आणि पडी यांपासून सुरुवात करू. आजीच्या घरी पितळी पडी अजून आहे, तिचा फोटोही पाठवते.